वर्ध्याचे आकाश आणि आमचा स्वर्ग

वर्धा शहरालगत गोपुरी येथे गीताई मंदिर उभे आहे. मंदिर म्हटले की जे जे डोळ्यांपुढे येते त्यातले तेथे जवळजवळ काहीच नाही. मूर्ती नाही, गाभारा नाही, कळस नाही आणि छतही नाही. विनोबांनी मराठीत उतरविलेल्या गीतेचे सातशे श्लोक उभ्या दगडी शिळांवर कोरले आहेत. त्या शिळांच्याच भिंती झाल्या आहेत आणि वर थेट आकाश आहे. ७ ऑक्टोबर १९८० रोजी विनोबांच्याच हस्ते या मंदिराचे उद्घाटन झाले. त्याच्या बरोबर पन्नास वर्षे आधी, ७ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे, वर्ध्यातच त्यांनी ‘गीताई’च्या लेखनाला आरंभ केला होता. ग्रंथाच्या सुवर्णमहोत्सवाला ग्रंथाचेच मंदिर व्हावे आणि ते होताना छत तेवढे गळून पडावे, ही घटना आमच्या मते मराठी साहित्यसमीक्षेने दखल घ्यावी अशी आहे. वास्तुशास्त्रज्ञांवर ती सोपवून मोकळे होणे बरे नव्हे.

या छत नसण्याचा अर्थ बहुधा एकाच प्रकारे लावला जातो. आकाश निराकार आहे, ते कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाही, म्हणून उघडे मंदिर हे सर्वधर्मसमभावाचे प्रतीक. हा अर्थ खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो फार लवकर हाती लागतो, एवढीच आमची तक्रार आहे. ज्या आकाशाखाली हे मंदिर उभे आहे ते वर्ध्याचे आकाश आहे. मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, जूनमध्ये साऱ्या जिल्ह्याचे डोळे त्या आकाशाकडे लागतात आणि ऑक्टोबरात फुटलेल्या कापसाच्या बोंडांवर ते कधी कधी अवेळी कोसळते. अशा आकाशाला केवळ निराकार म्हणून मोकळे होता येत नाही. दुपारी बारा वाजता शिळेवर हात ठेवून श्लोक वाचू पाहणाऱ्याला हे कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.

या मंदिराची आणखी एक गोष्ट आम्हांला विचार करावयास लावते. त्याची आखणी गाय आणि चरखा यांच्या संयुक्त आकृतीत केलेली आहे. परंतु ती आकृती जमिनीवरून दिसत नाही. आत फिरणाऱ्याला दिसतात त्या फक्त शिळा, वळणे आणि अक्षरे. आकृती पाहावयाची तर वरूनच पाहिली पाहिजे. आपल्या जुन्या चर्चमंदिरांचे असेच आहे. युरोपातील महामंदिरे क्रुसाच्या आकारात बांधली गेली ती विमानाचा शोध लागण्यापूर्वी काही शतके. तो क्रूस आत गुडघे टेकलेल्या भाविकाला कधीच पूर्ण दिसला नाही. बांधणाऱ्यांनी तो कोणाला दिसावा म्हणून आखला होता, हे उघड आहे. गीताई मंदिराचा वाचकही असा दुहेरी आहे. अक्षरे माणसासाठी आहेत, आकृती आकाशासाठी आहे. ज्या मंदिरात मूर्ती नाही त्याने वरून पाहणारा कोणी एक गृहीत धरावा, हा त्या वास्तूचा सर्वांत हृद्य विशेष आहे आणि निराकाराच्या नेहमीच्या भाष्यात तोच निसटतो.

तरीही या दोन ठिकाणांत, म्हणजे गोपुरीचे मंदिर आणि तेथून काही मैलांवरची सेवाग्रामची प्रार्थनाभूमी यांत, आम्हांला दुसरे ठिकाण अधिक सखोल वाटते. दगडातील छतहीनता ही ठरवून, खर्च करून साधलेली आहे. सेवाग्रामला तसे काही साधलेले नाही. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव नावाच्या त्या खेड्यात राहावयास आले. पुढे १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. प्रार्थना पहाटे आणि सायंकाळी उघड्या मैदानावर होत असे. त्यांनी लावलेला पिंपळ आजही तेथे आहे. मैदानावर वाळू आहे आणि वर आभाळ आहे, बाकी सांगण्यासारखे काही नाही. पहाटेच्या प्रार्थनेला बसणाऱ्याला वर्षाच्या प्रत्येक ऋतूत वेगळे तारे दिसत आणि कोणीही त्यांना प्रतीक म्हणून तेथे आणून बसविलेले नव्हते.

गांधीजींना ताऱ्यांची ओढ केव्हा लागली याची हकीगत मनोरंजक आहे. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात काकासाहेब कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. काकासाहेब जन्माने सातारचे, लेखणीने गुजरातीचे आणि पुढे बरीच वर्षे वर्ध्याचे रहिवासी. आकाशदर्शनाचा त्यांना मोठा नाद. पण शिष्याचा नाद खरा वाढला तो १९३२ च्या तुरुंगवासात. लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी तेव्हा त्यांना दुर्बिणी मिळवून दिल्या आणि साठी उलटलेल्या त्या कैद्याने आश्रमवासीयांसाठी आकाशदर्शनावर एक लेखही लिहून धाडला. माणसाला चार भिंतींत कोंडले की त्याला आकाश सापडते, हा अनुभव त्यांच्या एकट्याचा नाही. पात्म बेटावरील योहानालाही आकाश उघडलेले दिसले ते हद्दपारीत.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मजकूर दहा वर्षांनंतरचा आहे आणि तो अशा पुस्तकात दडला आहे की साहित्याचे अभ्यासक तिकडे सहसा फिरकत नाहीत. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. १५ ऑगस्ट रोजी महादेवभाई देसाई तेथेच वारले. त्याच महिन्याच्या अखेरीस गांधीजींनी आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहावयास घेतले, गुजरातीत ‘आरोग्यनी चावी’. पंचवीस वर्षांच्या सोबत्याला अग्नी देऊन दोन आठवडे झाले नाहीत तोच माणूस माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि हवा यांच्या गुणांविषयी लिहू लागतो. या पुस्तकात आकाशावर एक स्वतंत्र प्रकरण आहे.

आरोग्याच्या पुस्तकात आकाशाचे काय काम, असे कोणालाही वाटेल. निसर्गोपचाराच्या ग्रंथांत मातीचे लेप असतात, पाण्याची न्हाणी असतात; आकाश कोणत्या बाटलीत भरून द्यावयाचे? गांधीजींनी मार्ग काढला तो असा. आकाश म्हणजे वरचा निळा घुमट एवढेच नव्हे, आकाश म्हणजे रिकामी जागा. आणि ती सर्वत्र आहे, दोन वस्तूंच्या मध्येही आणि आपल्या शरीराच्या आतही. तेव्हा घराभोवती मोकळी जागा असावी, घरात सामानाची दाटी नसावी, अंगावर कपड्यांचे ओझे नसावे, निजावे ते उघड्यावर. आणि मग ते पोटाकडे वळतात. पोटातही आकाश राहिले पाहिजे. गरजेहून अधिक खाणे म्हणजे त्या आकाशावर अतिक्रमण, आणि अधूनमधून उपवास करणे म्हणजे ते आकाश त्याला परत करणे.

मराठी गद्यात उपवासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आपल्या उपवासकाळातील प्रवचनांची भर त्यात दरवर्षी पडतेच. पण उपवास म्हणजे देहात आकाशासाठी जागा करणे, इतकी साधी आणि इतकी नेमकी व्याख्या आमच्या वाचनात दुसरीकडे आली नाही. आपण उपवासाला प्रायश्चित्त म्हणतो, संयम म्हणतो, दान करण्यासाठी काढलेली बचत म्हणतो. ही सारी उत्तरे योग्य आहेत, परंतु ती उपवास करून काय मिळवावयाचे याविषयी आहेत. गांधीजींचे उत्तर काय सोडावयाचे याविषयी आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे सांगितले आहे. सेमिनरीत तो उतारा आपण ग्रीक क्रियापदासह घोकतो आणि ‘आत्मरिक्तीकरण’ असा जडजंबाल शब्द त्याला लावतो. या शब्दाने आजवर कोणाच्या अंगावर काटा आल्याचे आम्ही पाहिलेले नाही. पौलाला मराठी शेजार द्यावयाचा असेल तर आकाशावरचे हे दोन-चार पानांचे प्रकरण उपयोगी पडेल. जो सर्वत्र भरलेला होता त्याने स्वतःत माणसासाठी जागा केली, हे येथील श्रोत्याला कळते, कारण आकाशाविषयीचा विचार त्याच्या ओळखीचा आहे.

ओळखीचा म्हणजे किती जुना, हेही सांगावयास हवे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून प्रथम आकाश, आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी असा क्रम येतो. न्याय-वैशेषिकांनी आकाशाचा विशेष गुण शब्द हा मानला. मातीला गंध, पाण्याला रस, तेजाला रूप, वायूला स्पर्श आणि आकाशाला शब्द. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ शब्दापासून होतो. ग्रीक लोगोस आणि वैशेषिकांचा शब्द एक नव्हेत, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांची गाठ घाईने मारणाऱ्यांत आम्हांला जावयाचे नाही. पण शब्द देहधारी झाला असे ज्या श्रोत्यापुढे वाचले जाते त्याच्या परंपरेत शब्दाचे घर आकाश आहे, याचे भान वाचकपीठावर उभे राहणाऱ्याला असावे.

आता या प्रकरणाची मर्यादा. त्यात पाऊस येतो, पण कसा येतो ते पाहण्यासारखे आहे. उघड्यावर निजणाऱ्याने पावसाळ्यात काय करावे, तर भिंती नसलेले छत्रीसारखे छप्पर वर घ्यावे आणि एरवी ताऱ्यांनी भरलेले आकाश हेच छत समजावे, असा सल्ला गांधीजी देतात. म्हणजे पाऊस येतो तो निजलेल्याला भिजवील म्हणून. ज्याची वाट पाहावयाची असा पाऊस त्या पानांत नाही. सेवाग्रामच्या आश्रमाभोवती चहूकडे कापूस आणि ज्वारीची शेते होती. त्या शेतांचा मालक आकाशाकडे कोणत्या डोळ्यांनी पाहतो हे लेखकाला ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? पण लेखनात ते उतरले नाही. रिकाम्या आकाशाचे कौतुक करताना, जे आकाश रिकामे राहिले म्हणजे घर बुडते ते आकाश नजरेआड झाले. छत नसण्याची निवड करणे आणि डोक्यावर छतच नसणे या दोन गोष्टी आहेत. एवढे मात्र कबूल केले पाहिजे की गांधीजींनी आपल्या निवडीची किंमत स्वतः मोजली होती, आणि म्हणून त्यांच्या वाक्यांना जो वजनदारपणा आहे तो त्यांच्या मागून आकाशावर कविता करणाऱ्या आश्रमीय साहित्याला सहसा लाभला नाही.

येथे एका माजी धर्मगुरूची आठवण येते. इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला केलेले बापूकुटीविषयीचे भाषण प्रसिद्ध आहे. माणूस राहतो ते घर आणि सामान ठेवले जाते ते घर, यांतला भेद त्यांनी तेथे फार मार्मिकपणे दाखविला. त्यांचे लक्ष मुख्यत्वे कुटीच्या आतील मोकळिकीवर आहे. ती मोकळीक कोठून आली याचे उत्तर आकाशावरच्या प्रकरणात मिळते. कुटी ही त्या प्रकरणाची मातीबांबूतील आवृत्ती आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले तर एकमेकांना उजळतात, आणि आपल्या धर्मग्रामांतील नव्या पॅरिश हॉलांचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत.

ख्रिस्ती वाचकाला वर्ध्याचे आणखी एक नाव परिचित असावयास हवे, ते जे. सी. कुमारप्पा यांचे. तमिळ ख्रिस्ती घराण्यातील हा अर्थशास्त्रज्ञ मगनवाडीत राहून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत असे आणि येशूच्या शिकवणुकीवरही त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले. आकाशावर त्याने काही लिहिल्याचे आम्ही येथे सांगत नाही. पण खेड्यातील घाणी, चक्की, शेणखत यांच्या हिशोबात बुडालेल्या त्या माणसाला प्रभूची प्रार्थना भाकरीच्या विनंतीपासून तोडून वाचता येत नव्हती, आणि आम्हांला पुढे जे म्हणावयाचे आहे ते त्याच दिशेचे आहे.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याला कोठे ठेवतो? स्वर्गात. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘उरानोस’ आहे आणि त्यामागे हिब्रू ‘शामायिम’. दोन्ही शब्दांचा अर्थ आकाश असा होतो आणि स्वर्ग असाही होतो. लॅटिन ‘काएलुम’ तसाच. वसई-गोव्याच्या आपल्या पूर्वजांना ज्या पोर्तुगीज मिशनऱ्यांनी प्रार्थना शिकविल्या त्यांच्या भाषेतही ‘सेउ’ हा एकच शब्द ढगांसाठी आणि देवाच्या घरासाठी चालतो. मराठीत आल्यावर मात्र त्या एका शब्दाचे दोन तुकडे झाले. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यात देव निर्माण करतो ते आकाश. प्रार्थनेत पिता असतो तो स्वर्गात. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात, प्रभू दिसेनासा होतो आणि शिष्य वर पाहत उभे राहतात तेथे, दोन वचनांत तो ग्रीक शब्द चार वेळा येतो. अनुवादकाला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की हे आभाळ आहे की देवाचे धाम. लूकला असे ठरवावे लागले नव्हते.

मराठीतील तडजोडीचा इतिहास जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ हा शब्द बिनदिक्कत वापरला. विष्णूचे धाम ख्रिस्ताला देताना त्यांचा हात कचरला नाही, आणि आमच्या मते त्यांचा कान बरोबर होता. वैकुंठाला निदान एक धनी आहे, तेथे गेलेला परत येत नाही आणि मराठी माणसाने त्या शब्दावर प्रेम केले आहे. पुढच्या काळात ‘स्वर्ग’ रूढ झाला. तो दिसावयास तटस्थ, पण त्याच्या पोटात मोठी अडचण आहे. गीतेच्या नवव्या अध्यायाप्रमाणे स्वर्ग ही पुण्य संपेपर्यंत राहावयाची जागा आहे. पुण्य सरले की परत मर्त्यलोक. ज्या वर्ध्यात हा श्लोक दगडावर मराठीत कोरून ठेवला आहे तेथे ‘स्वर्गातील बाप’ म्हणताना ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? मुदतीच्या मुक्कामावरचा पिता? शब्दाची सवय झाली म्हणून आपल्याला ते खटकत नाही, एवढेच.

आम्ही प्रार्थनेतील शब्द बदलावा असा ठराव मांडीत नाही. चारशे वर्षे ओठांवर बसलेल्या प्रार्थनेला समीक्षकाने हात लावू नये. पण प्रवचनकार आणि कवी यांना तर कोणी अडविलेले नाही. आपल्या मराठी भक्तिगीतांतील स्वर्ग इतका नीटनेटका आहे, सोन्याच्या रस्त्यांनी आणि शुभ्र झग्यांनी इतका सजलेला आहे, की त्यातून पाण्याचा एक थेंब पडण्याची आशा नाही. शास्त्रातील ‘शामायिम’ तसा नाही. त्यातून मान्ना पडतो, गारा पडतात, आग पडते, आणि पाऊस पडतो किंवा पडत नाही.

याचा अर्थ ज्याला सर्वांत लवकर कळेल तो वर्ध्याचा कोरडवाहू शेतकरी. त्याचे आकाश पंचांगात आखलेले असते. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो. मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य असे करीत हस्त, चित्रा, स्वातीपर्यंत पावसाची नक्षत्रे मोजली जातात. प्रत्येक नक्षत्राला वाहन असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस बरा, गाढव-कोल्हा आला तर बेताचा. चंद्राला खळे पडले तर ते किती मोठे यावर म्हातारी माणसे बोलतात. हे शास्त्र नव्हे, आणि हवामान खात्याचा अंदाज हाताशी असताना त्यावर पेरणी ठरवू नये हेही खरे. पण काही धर्मगुरू ते हसण्यावारी नेतात तेव्हा त्यांना स्मरण द्यावेसे वाटते की आपला सर्वांत मोठा सण कोणत्या रविवारी यावा, हे आपणही वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरवितो. चंद्राकडे पाहणे आपल्याकडेही सुटलेले नाही. फक्त ते आपल्यासाठी दुसऱ्या कोणी तरी पाहून दिनदर्शिकेत छापलेले असते.

विदर्भात काही शेतकरी पावसाआधीच कोरड्या मातीत कापूस लावतात. त्याला धूळपेरणी म्हणतात. पाऊस वेळेवर आला तर पीक इतरांच्या पुढे. नाही आला तर बी वाया आणि दुबार पेरणी, म्हणजे दुबार बियाणे आणि दुबार उधारी. या एका शब्दात, धूळपेरणीत, श्रद्धेवरच्या आपल्या कित्येक ग्रंथांपेक्षा अधिक आशय आहे असे आम्हांला वाटते, पण तो आशय गोड नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचे पॅकेज जाहीर केले त्यांत वर्धा होता. त्या मृत्यूंची कारणे केवळ आकाशात नव्हती. कापसाचा भाव, सावकार, बँक, बियाण्याचा खर्च हे सारे जमिनीवरचे होते आणि जमिनीवरच्या पापांचा दोष आभाळाला देणे हे पाप लपविण्यासारखे आहे. तरी एवढे खरे की ज्याच्या घरी असा मृत्यू झाला त्याच्यापुढे उभे राहून निळ्या आकाशाच्या शांतीविषयी बोलता येत नाही.

काय बोलता येते? अनुवादाच्या अकराव्या अध्यायाकडे आम्ही वारंवार वळतो. मोशे लोकांना सांगतो की तुम्ही जेथे जाणार तो देश मिसरासारखा नाही. मिसरात नदी होती, पाट होते, माणसाच्या श्रमाने पाणी मळ्याला मिळे. हा नवा देश मात्र डोंगरदऱ्यांचा आहे आणि तो आकाशातले पाणी पितो. टीकाकार हा उतारा देशाच्या स्तुतीचा म्हणून वाचतात, आणि तो तसा आहेही. पण वर्ध्याच्या जमिनीवर उभे राहून वाचला की त्यातला धक्का कळतो. वचनदत्त भूमी कोरडवाहू होती. ओलिताची भूमी दास्याची होती. देवाने आपल्या लोकांना हमी असलेल्या पाण्यापासून काढून वाट पाहावयाच्या पाण्याकडे नेले, आणि वर आगोटीचा आणि मागचा अशा दोन्ही पावसांचे वचन दिले. त्याच ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात डोक्यावरचे आकाश पितळेचे आणि पायाखालची जमीन लोखंडाची होण्याची भीतीही घातली आहे. मागचा पाऊस पॅलेस्टाईनच्या गव्हाला वरदान असे. वर्ध्याच्या वेचणीला आलेल्या कापसाला परतीचा पाऊस मारतो. तेव्हा वचनाचा अर्थ प्रत्येक मातीत पुन्हा लावून पाहावा लागतो. असे लावून पाहणारे भाष्य मराठीत अजून लिहिले गेलेले आमच्या वाचनात नाही. ते वसईच्या वाडीत बसून लिहिता येणार नाही असेही आम्हांला वाटते, कारण विहीर असलेल्या माणसाला हा अध्याय अर्धाच कळतो.

एलियाचा नोकर समुद्राकडे पाहावयास सात वेळा गेला, आणि सातव्या वेळी त्याला मनुष्याच्या हाताएवढा ढग दिसला. प्रवचनांत सातव्या वेळेचेच कौतुक होते. पहिल्या सहा वेळा परत येऊन ‘काही नाही’ असे सांगणाऱ्या त्या नोकरावर आपल्या एखाद्या कवीने लिहावे.

आकाशाचे वाचन फक्त पोथ्यांतच असते असेही नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. गोंडांना सप्तर्षींत ऋषी दिसत नाहीत. चार ताऱ्यांची एका म्हातारीची खाट दिसते आणि मागच्या तीन ताऱ्यांत ती पळवू पाहणारे तीन चोर. मृगाच्या ताऱ्यांत त्यांना हरिण दिसत नाही, नांगर दिसतो. आम्ही या निरीक्षणाला एक साधी पुरवणी जोडतो, जी कोणालाही पडताळता येईल. हा नांगर हिवाळ्यात रात्रभर आभाळात असतो. मे संपता संपता तो सूर्याच्या तेजात बुडतो आणि मृग लागते तेव्हा शोधूनही सापडत नाही. आकाशातला नांगर मावळतो त्याच दिवसांत खालचा नांगर-वखर शेतात असतो. ऋषी आणि हरिण पाहणाऱ्या परंपरेपेक्षा हे वाचन कमी आध्यात्मिक आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही त्याच्याशी वाद घालू.

आपल्या उपासनेत आकाशाला हक्काची जागा एकाच रात्री मिळते. पुनरुत्थानाच्या जागरणाचा विधी मंदिराबाहेर, अंधारात, नव्या अग्नीपासून सुरू व्हावयाचा असतो. वर पास्काचा चंद्र असतो, पौर्णिमा होऊन फार दिवस झालेले नसतात. बहुतेक ठिकाणी त्या रात्री आधी मंडपवाल्याला वर्दी जाते आणि ट्यूबलाइटच्या उजेडात अग्नीची ज्योत शोधावी लागते, असो.

मिस्साग्रंथात मात्र आणखी एक प्रार्थना आहे, विविध गरजांसाठीच्या मिस्सांच्या मागच्या पानांत. ती पावसाची प्रार्थना. तिच्या शेजारीच पाऊस थांबावा म्हणून करावयाची प्रार्थनाही आहे, म्हणजे रोमच्या संपादकांनाही आकाशाचे दोन्ही स्वभाव ठाऊक होते. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण १५ मेला येतो, मृगाच्या सुमारे तीन आठवडे आधी, नेमका बियाण्याची उधारी ठरते त्या दिवसांत. ही पाने आपल्या बहुतेक वेदींवर कोरी करकरीत राहिली आहेत. त्यांचे मराठी भाषांतर जेव्हा पुन्हा तपासले जाईल तेव्हा ते काम एखाद्या कोरडवाहू गावच्या धर्मग्रामात, जूनच्या पहिल्या आठवड्यात, बी टाकून वाट पाहणाऱ्या दोन-चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवीत व्हावे. ‘स्वर्गातून’ म्हणावे की ‘आकाशातून’ म्हणावे, हा प्रश्न त्यांना विचारता येईल.